दोघांना एकच आठवण, पण त्यातला ‘मी’ वेगळा: पानशेतच्या पुराची कोणती हकिकत खरी मानावी?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो पूर आला, त्याच्या आठवणी मी आमच्या घरातल्या आणि जुन्या वाड्यातल्या ज्येष्ठांकडून लिहून घेत आहे. आमचे आजोळ तेव्हा नारायण पेठेत होते. वाडा पडला, माणसे वाचली आणि पुढे सगळी बिऱ्हाडे निरनिराळ्या उपनगरांत पांगली. त्या दिवसाविषयी सांगू शकणारी मंडळी आता थोडीच उरली आहेत, म्हणून हे काम आणखी लांबणीवर टाकायचे नाही असे ठरवले.

अडचण अशी आली आहे. आई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मामा बारा वर्षांचे. चौकात पाणी शिरले तेव्हा देवघरातला बाळकृष्ण परकराच्या ओच्यात घेऊन आपण माडीकडे धावलो, असे आई सांगते. जिन्यात पाय घसरला, मूर्तीचा गार स्पर्श पोटाला झाला, मागून आजीने हाक मारली, इतक्या बारकाव्यांनिशी सांगते. मामाही नेमके हेच सांगतात. फक्त मूर्ती त्यांच्या सदऱ्यात असते आणि पाय त्यांचा घसरतो. दोघेही पदरचे घालून सांगणाऱ्यांतले नाहीत. एकमेकांचे म्हणणे ऐकल्यावर दोघांनाही मनापासून वाईट वाटले, हे मी समोर बसून पाहिले.

शिवाय पाणी चढत असताना कंदील लावलेला होता, असे आई ठामपणे म्हणते. धरण सकाळी फुटले आणि शहरात पाणी चढले ते दिवसाउजेडी. मग कंदील कोठून आला? धाकटी मावशी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती, तरी लकडी पुलावरून वाहणारे पाणी तिलाही ‘डोळ्यांसमोर दिसते’.

आठवण मेंदूत नेमकी साठते तरी कशी, की इतकी ठसठशीत असूनही ती दोघांपैकी एकाची नसावी? सांगणाऱ्याची खात्री हा खरेपणाचा पुरावा धरता येतो का? आणि मी छापतो आहे त्या पुस्तिकेत काय लिहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

स्मृतिवेध

आपल्या आई आणि मामा यांच्यामध्ये जे घडले आहे ते भावंडांमध्ये इतके आढळते की त्यावर स्वतंत्र संशोधन झाले आहे. न्यूझीलंडमधील कॅंटरबरी विद्यापीठातील संशोधकांनी एका अमेरिकी सहकाऱ्यासह २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुळ्या भावंडांच्या २० जोड्यांना आपापल्या आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावले होते. त्यांपैकी १४ जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली, की ती आपलीच आहे असा दावा दोघांनीही केला. विशेष म्हणजे अशा वादग्रस्त आठवणी सांगणाऱ्याला फिकट वाटत नव्हत्या. उलट त्या फार स्पष्ट आणि भावनेने भरलेल्या होत्या. हा विषय मी महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की येथे कोणी खोटे बोलते आहे असा संशयसुद्धा मनात आणू नये.

आता साठवणीविषयी. एखादा प्रसंग मेंदूत अखंड चित्रफितीसारखा एका जागी ठेवलेला नसतो. पाहिलेले रूप मेंदूच्या मागच्या भागातील पेशी हाताळतात, ऐकलेले शब्द कानशिलाजवळच्या भागातील, भीतीची तीव्रता अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या अवयवाशी निगडित असते. आणि हे सारे ‘एकाच वेळी, एकाच ठिकाणी घडले’ अशी बांधणी मेंदूच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. हे पहिल्यांदा लख्खपणे कळले ते हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही नवी गोष्ट त्यांच्या ध्यानात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केला, तरी प्रत्येक भेटीत त्या मोलेसन यांना अनोळखीच होत्या. आणि तरीही आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम त्यांना दिले, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. ते काम आपण पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. लहानपणच्या पुष्कळ गोष्टी त्यांना सांगता येत. म्हणजे हाताला वळण लागणे आणि प्रसंग लक्षात राहणे यांचे मार्ग वेगळे आहेत, आणि हिप्पोकॅम्पस नवी आठवण घडवण्यासाठी अत्यावश्यक असला तरी जुन्या आठवणींचे ते एकमेव कोठार नाही.

पेशींच्या पातळीवर पाहिले तर आठवण म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्यांच्या बळात झालेला बदल होय. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवून दिले की जोडणीवर विद्युत संकेतांचा वेगवान मारा केला की ती तासन्‌तास अधिक प्रबळ राहते. एरिक कॅंडेल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेल्या कामातून, आठवण दीर्घकाळ टिकायची तर पेशीत नवी प्रथिने तयार व्हावी लागतात हे उलगडले; या कामासाठी त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्या प्रश्नाचे मर्म मात्र साठवणीत नसून आठवण्यात आहे. आठवताना मेंदू विखुरलेले तुकडे पुन्हा जुळवतो आणि जेथे तुकडा सापडत नाही तेथे ‘असेच असणार’ या अनुमानाने जागा भरतो. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच हे मांडले होते. इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा वाचायला देऊन त्यांनी ती पुनःपुन्हा आठवून लिहायला सांगितली. कथेतले अनोळखी तपशील गळत गेले, वाचकांना परिचित असलेल्या वस्तू त्यांच्या जागी आल्या, आणि ही उलथापालथ लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

पुढे २००० मध्ये करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट आवाज झाला की विजेचा झटका बसतो, हे उंदरांना पक्के शिकवले होते. नंतर तो आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालामध्ये प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले, तेव्हा पक्की झालेली भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिले, तर भीती कायम राहिली. याचा अर्थ असा, की आठवण बाहेर काढली की ती काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा घट्ट बसावे लागते. माणसांत हे नेमके कोणत्या परिस्थितीत घडते यावर अजून वाद आहेत, म्हणून उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या आईंना लावू नये. परंतु सांगताना आठवण बदलते, हे माणसांवरील इतर प्रयोगांतूनही पुरेसे सिद्ध झाले आहे. खेड्यातल्या देवावर वर्षानुवर्षे शेंदूर चढत जातो आणि अखेरीस मूळ दगडाचे नाकडोळे कोणते हे पुजाऱ्यालाही सांगता येत नाही, तसे काहीसे घरात वारंवार सांगितल्या गेलेल्या प्रसंगांचे होते.

आता बाळकृष्णाकडे पाहू. नऊ आणि बारा वर्षांची दोन मुले त्या जिन्यावर होती. एकाने मूर्ती नेली, दुसऱ्याने पाहिली. त्यानंतर साठ वर्षे ही कथा दिवाळीत, लग्नकार्यात, बारशांत सांगितली गेली असेल. ऐकणाऱ्याच्या मनातही प्रत्येक वेळी चित्र उभे राहते, आणि हे चित्र आपण पाहिले, ऐकले की स्वतः केले, याची खूण चित्राच्या मानाने फार लवकर पुसट होते. पाय घसरणे किंवा धातूचा गार स्पर्श यांसारखे तपशील दोघांच्याही ओळखीचे असल्यामुळे ते कल्पनेतूनही तितकेच खरे उमटू शकतात. बारकावे आहेत म्हणून प्रसंग सांगणाऱ्याच्याच बाबतीत घडला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

कंदिलाविषयी माझे अनुमान असे, की पुरानंतर वीज नसताना ज्या रात्री काढाव्या लागल्या, त्यांतला कंदील सकाळच्या प्रसंगाला येऊन चिकटला असावा. भीती तीच, माणसे तीच आणि दिवस लागोपाठचे असले की असे सहज होते. कंदील खोटा नाही. त्याची वेळ सरकली आहे. मावशींचे मात्र वेगळे. प्रौढपणी सांगता येण्याजोग्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयानंतरच्याच असतात. दोन वर्षांच्या मुलीला पाण्याची भीती वाटली असेल, पण लकडी पुलाचे जे दृश्य आज त्यांना दिसते ते बहुधा नंतर ऐकलेल्या गोष्टींतून आणि दर जुलैत छापून येणाऱ्या जुन्या छायाचित्रांतून तयार झालेले आहे.

खात्रीविषयी एकच दाखला देतो, कारण तो आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अटलांटा येथील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी आपल्याला कोठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच विचारले. त्यांतील ११ जणांच्या उत्तरातील एकही मुख्य तपशील मूळ कागदाशी जुळला नाही, आणि चुकणाऱ्यांपैकी अनेकांची खात्री अतिशय दांडगी होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद त्यांच्यापुढे ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठात झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: त्या दिवसाची आठवण रोजच्या साध्या प्रसंगाच्या आठवणीइतकीच बदलत गेली, फक्त तिच्यावरचा विश्वास ढळला नाही.

न्यायखिडकी

वरील उत्तर उत्तम आहे. मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांच्या जबान्या हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून त्या बाजूने थोडी भर घालतो.

आठवणीइतकाच प्रश्नही महत्त्वाचा असतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींना ‘टेकल्या’ अशा अर्थाचे क्रियापद होते तेव्हा सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल आले. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ असे विचारले तेव्हा तेच ४०.८ मैल झाले. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले की फुटलेली काच पाहिली का. काच मुळात नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले, तर ‘धडकल्या’ हा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी फक्त ७ जणांनी. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो, तर ‘आई, बाळकृष्ण तूच नेलास ना?’ या प्रश्नाने किती पडेल याचा विचार करावा.

आपला कायदा या धोक्याबाबत जुन्या काळापासून सावध आहे. १८७२ च्या साक्षीपुरावा कायद्यात सरतपासणीमध्ये, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेल्या तपासणीत, सूचक (उत्तर सुचवणाऱ्या) प्रश्नांना विरोधी पक्ष हरकत घेऊ शकत असे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. जुन्या कायद्याचे कलम १५९ आपल्याला अधिक उपयोगी पडेल. घटना घडत असताना, किंवा ती स्मरणात ताजी आहे असे न्यायालयाला वाटावे इतक्या लवकर, साक्षीदाराने स्वतः केलेले लिखाण पाहून त्याला स्मृतीला उजाळा देता येतो. ही तरतूदही नव्या कायद्यात आहे. तेव्हा १९६१ सालची पत्रे, रोजनिशी, नुकसानभरपाईचे अर्ज, शाळेचे दाखले यांपैकी काही नातेवाइकांच्या ट्रंकांमध्ये सापडते का, ते आधी पाहावे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या नातेवाइकांना पुरानंतरच्या आठवड्यात ‘आम्ही सुखरूप आहोत’ म्हणून धाडलेले एक पोस्टकार्ड साठ वर्षांनंतरच्या दहा कथनांपेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

ओळख परेडचेही असेच आहे. आरोपीसारख्या दिसणाऱ्या इतर व्यक्ती रांगेत उभ्या कराव्या लागतात, परेडीपूर्वी साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचे छायाचित्र दाखवलेले चालत नाही आणि परेडीला विनाकारण उशीर झाला तर बचाव पक्ष त्यावर बोट ठेवतो. एकदा छायाचित्र पाहिले की साक्षीदाराला नंतर आठवतो तो चेहरा घटनेतला की छायाचित्रातला, हे त्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख हे प्रमुख कारणांपैकी एक असल्याचे वारंवार दिसले आहे, आणि हे साक्षीदार बहुतेक वेळा प्रामाणिक होते.

आपल्या परंपरेतील नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, स्मृतीला प्रमाणांत, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांत, स्थान दिले नाही, याचा येथे उल्लेख करावासा वाटतो. पूर्वानुभवाच्या संस्कारातून उपजणारे ज्ञान ते स्मृती, आणि ती यथार्थही असू शकते व अयथार्थही, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे स्मृतीचे खरेखोटेपण मूळ अनुभवाकडे जाऊनच तपासावे लागते.

मुठाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कंदिलाविषयीचे स्पष्टीकरण आईला सांगितले, तेव्हा तिने बराच वेळ विचार करून सांगितले की पुरानंतर ते सगळे सदाशिव पेठेत एका नातेवाइकांकडे राहिले होते आणि तेथे कंदील होता. पण आता मनात अशी शंका येते, की हे सारे इतके निसरडे असेल तर ज्येष्ठांच्या आठवणी गोळा करण्याला काही अर्थ उरतो का? सरकारी अहवाल आणि वृत्तपत्रे आहेतच.

बखरवाचक

अर्थ उरतो, आणि तो पुष्कळ उरतो. स्मृतीच्या चुकांवरचे प्रयोग वाचले की माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि सांगणाऱ्यावर अविश्वास दाखवू लागतो. हे मला फार अन्यायाचे वाटते, विशेषतः ज्यांचे घरदार वाहून गेले त्यांच्या बाबतीत.

टायटॅनिक जहाजाचे उदाहरण घ्या. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते बुडाले. वाचलेल्या अनेकांनी जहाज बुडण्यापूर्वी दुभंगल्याचे सांगितले. जहाजाच्या एका वाचलेल्या अधिकाऱ्यासह काहींनी ते अखंड बुडाल्याचे सांगितले. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील चौकशांनी अखंड बुडाल्याचा निष्कर्ष स्वीकारला, आणि रात्रीच्या अंधारात भेदरलेल्या प्रवाशांचे म्हणणे सात दशके मागे पडले. १९८५ मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले ते दोन तुकड्यांत, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर. भेदरलेली माणसे बरोबर होती. एखाद्या मोठ्या घटनेचा गाभा, म्हणजे काय घडले, कोण सोबत होते, काय गमावले, हे बहुधा टिकते; वेळ, क्रम, कोण काय बोलले आणि कोणी काय केले हे सरकते. आपल्या घरातल्या कथनांतही पाणी चौकात शिरले, मूर्ती माडीवर गेली आणि माणसे वाचली यावर कोणाचेच दुमत नाही.

सरकारी कागदांत धरणाची उंची आणि नुकसानीचे आकडे मिळतील. नळाला पाणी देणारे खडकवासला धरणच लोंढ्याने फोडल्यावर नारायण पेठेतल्या एका घराने प्यायचे पाणी कोठून आणले, हे मात्र तेथे सापडणार नाही. शिवाय माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानचा काळ उतारवयात इतर काळापेक्षा अधिक आठवतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आपल्या वाड्यातली जी मंडळी तेव्हा त्या वयात होती, त्यांच्याकडे सर्वांत आधी जावे.

मी ग्रामीण भागात मौखिक इतिहासाची ध्वनिमुद्रणे करतो, त्यावरून कामाची पद्धत सांगतो. प्रत्येकाला एकट्याने भेटावे. सगळ्यांना एकत्र बसवले की गप्पा रंगतात, परंतु जो खड्या आवाजात बोलतो त्याची हकिकत इतरांच्या आठवणीत शिरते. आणि गटाने मिळून जेवढे आठवते ते त्याच माणसांनी एकेकट्याने आठवलेल्या साऱ्या गोष्टींच्या बेरजेपेक्षा कमी भरते, हे प्रयोगांतही दिसले आहे. पहिली बैठक ‘त्या दिवशी सकाळपासून काय झाले ते सांगा’ एवढ्यावर सोडावी आणि मध्ये बोलू नये. शांतता पसरली तरी घाई करू नये. मग जागेवरून विचारावे: चूल कोठे होती, जिना कोणत्या हाताला होता, माडीच्या खिडकीतून काय दिसे. वाड्याचा आराखडा त्यांच्याच हाताने काढून घ्यावा, कारण जागा मनात उभी राहिली की तिच्याशी बांधलेल्या गोष्टी आपसूक वर येतात. जुनी छायाचित्रे दाखवायची तर ती अगदी शेवटच्या बैठकीत दाखवावीत, आणि आपले प्रश्नही ध्वनिमुद्रणात राहू द्यावेत, म्हणजे उत्तर कोणत्या प्रश्नाला आले हे पुढच्या वाचकाला कळेल. दुसऱ्याने काय सांगितले ते सर्वांचे कथन पूर्ण होईपर्यंत कोणालाही सांगू नये. कंदिलाचे स्पष्टीकरण आईंना मिळाले आहे, तेव्हा त्यानंतरचे त्यांचे म्हणणे वेगळ्या तारखेखाली नोंदवावे. पहिले कथन खोडू नये.

बाळकृष्णाचा निवाडा आपण करू नये. मामा आणि आई, दोघांची कथने त्यांच्याच शब्दांत पूर्ण छापावीत, प्रत्येकाच्या आरंभी घटनेच्या वेळचे वय, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होते हे लिहावे, आणि दोघांना छापण्यापूर्वी एकमेकांचे कथन वाचायला देऊन दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला त्यांची संमती घ्यावी. मावशींचे कथनही घ्यावे, मात्र ‘घरात ऐकलेल्या आठवणी’ या शीर्षकाखाली. या घराने तो पूर पुढच्या पिढीला कसा सांगितला, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.